केस फुकट द्यायचे नसतात

हिंगोलीत खोली बघायला गेले तेव्हा मावशीने माझं नाव विचारलं नाही. तिने माझी वेणी हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली, टोक चिमटीत धरून उन्हाकडे धरलं आणि माझ्या बाबांना विचारलं, "पोरगी रोज विंचरती का?"

बाबा गोंधळले. ते भाडं, पाणी, लाइट असं काय काय विचारायचं ठरवून आले होते. "विंचरती की," ते म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या. पण आयका, विंचरलेला केस बाहेर टाकायचा न्हाई. माह्या घरात केसाचा कचरा होत न्हाई."

परत जायच्या जीपमध्ये बसण्याआधी बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई जरा येडी हाय. पण दाराची कडी मजबूत हाय." आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. खोली कशी निवडायची हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. कडी मजबूत होती म्हणून मी तिथे राहिले.

मावशीबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. नीट जमेल की नाही, सांगता येत नाही. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, तिला ते आवडलं नसतं. आणि सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची.

तिच्या ओसरीच्या भिंतीला चार खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एक कापडी पिशवी. एक माझी, एक माझ्याबरोबर राहणाऱ्या कळमनुरीच्या मुलीची, एक मावशीची स्वतःची आणि चौथी कुत्र्याची. कुत्रं गल्लीतलंच होतं, पांढरं, झुबकेदार. मावशी दर दोन दिवसांनी त्याला धरून फणीने विंचरायची. तिच्या हातात फणी दिसली की ते गल्लीतल्या गॅरेजच्या गाड्यांखाली जाऊन लपायचं आणि मावशी वाकून त्याला समजवायची, "ये रे बाबा, तुह्या अंगावर काय कामाचं हाय ते? इकडं दे, कामी येईल."

संध्याकाळी ती पिशव्या चाचपून बघायची. माझी पिशवी दाबून एकदा म्हणाली, "तू जेवून न्हाई राहिली."

मी म्हटलं, जेवते की.

"केस लई गळून राहिला. पाण्याची भाजी अन् कच्ची पोळी, त्याला जेवन म्हणत न्हाईत. बस." आणि तिने तव्यावरची भाकरी माझ्यापुढे टाकली. खरं होतं. खानावळीतलं मला जात नव्हतं, आईची आठवण यायची, आणि हे कुणाला सांगायची मला लाज वाटायची. त्या दिवसापासून रात्रीची भाकरी तिच्याकडे, असं न बोलताच ठरून गेलं.

तिचं नेहमी बरोबरच यायचं असं नाही. कळमनुरीच्या मुलीची पिशवी बघून तिने एकदा जाहीर केलं, "हिच्या मनात कोन्तरी हाय." ती मुलगी हसून हसून लोळली. तिने नुसता शाम्पू बदलला होता. मावशी जराही वरमली नाही. "मंग शाम्पू कुणासाठी बदलला?" म्हणाली.

मावशीचा धंदा केसांचाच होता. गुडघे जायच्या आधी तीस वर्षं ती डोक्यावर टोपलं घेऊन गावोगाव फिरली. टोपल्यात वाट्या, पेले, गाळण्या, फण्या. "केसावर भांडेऽऽ" अशी हाळी द्यायची. मग बायका पत्र्याच्या फटीतून, देवळीतून, उशीच्या खोळीतून साठवलेलं विंचरण काढून आणायच्या आणि त्याच्या बदल्यात वाटी घ्यायच्या. लांब केसाचे डोक्यावर घालायचे टोप होतात, म्हणून तो केस मोठा व्यापारी घेऊन जायचा. पण आखूड, पांढरा, गुंता झालेला केस कुणी घेत नसे. तो मावशीच्या घरी पोत्यांत साठत गेला.

"फेकून का दिला नाही?" मी विचारलं होतं.

"ज्या म्हातारीचा पांढरा केस घेतला, तिलाबी म्या वाटीच दिली ना? मंग फेकू कसा?"

एक दिवस घरात रॉकेलचा डबा कलंडला. सगळं रॉकेल केसाच्या पोत्याखाली गेलं. घाबरून तिने पोतं उचललं तर फरशी कोरडी. पोतं तेवढं जड झालेलं. तेव्हापासून तिला तो नाद लागला. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज होतं आणि त्याचं काळं ऑइल नालीतून थेट तिच्या दारावरून जायचं, पावसाळ्यात तर ओसरीपर्यंत यायचं. तिने जुन्या मच्छरदाण्या फाडून लांब नळ्या शिवल्या, त्यात केस ठासून भरले आणि ते लोड नालीत आडवे टाकले. ऑइल लोडात मुरायचं, पाणी पुढे जायचं. लोड भरला की वीटभट्टीवाला जाळायला घेऊन जायचा आणि मावशी दुसरा टाकायची.

गॅरेजवाला रोज चिडवायचा. "खाला, नाली को तकिया काय को दिये? सोने को?"

"नालीला न्हाई रे. तुह्या पापाला दिलाय, निवांत झोपू दे."

घरी कुणीही येवो, मावशी त्याला हे करून दाखवायचीच. काचेच्या ग्लासात पाणी, त्यावर चमचाभर काळं ऑइल, आणि वरून केसांचा बोळा. थोडं हलवून बोळा काढला की पाणी स्वच्छ दिसायचं. कळमनुरीच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा चहाच्या ट्रेमध्येच तिने तो ग्लास ठेवला. मुलाच्या काकांनी पाणी म्हणून हात पुढे केला.

"तो पिऊ नका, पाव्हणं," मावशी म्हणाली, "तो बघायचा हाय."

ते लग्न जमलं नाही. त्या मुलीने मावशीला पेढे दिले.

मला मात्र तिच्या एका प्रश्नाची भीती वाटायची. "तू सायन्सला ना? मंग सांग बरं, केस पाणी सोडतो अन् तेल काहून धरतो?" मला येत नव्हतं. सरांना विचारते म्हणाले आणि विचारलं नाही. वर्गात हात वर करून केसांबद्दल विचारायचं म्हणजे सगळे हसतील असं वाटायचं. मावशी आठवड्याला एकदा आठवण करायची. पुढे विहिरीचं सगळं झाल्यावर मी शेवटी विचारलं. सरांनी दोन वाक्यांत सांगितलं, की केसाचा पृष्ठभाग पाण्याला जवळ करत नाही आणि तेलाला धरतो, शिवाय केसाला बारीक खवले असतात. मी पळत येऊन मावशीला सांगितलं. ती बराच वेळ पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली.

"एवढंच?" म्हणाली. "हे तर मलाबी दिसून राहिलं व्हतं."

आता विहिरीचं सांगते. ते सांगायला मी इतका वेळ लावला.

आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढे, जीप जिथे थांबते तिथून चालत. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी घरी होते. वादळाने खांब पडले आणि तीन दिवस लाइट नव्हती. पिण्याच्या विहिरीवरची मोटार बंद, टाकी कोरडी. बाबांनी आमचं डिझेल इंजिन बैलगाडीत घालून विहिरीवर आणलं. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून आणलं. सुरू करण्याआधी त्यांनी त्यातलं जुनं ऑइल डब्यात काढलं, नवं भरलं आणि डबा कठड्यावर ठेवला. इंजिन सुरू झालं. त्याच्या हादऱ्याने डबा जरा जरा सरकत गेला आणि आत पडला.

सगळे वाकून बघत होते. पाण्यावर काळं, मधेच निळं-जांभळं पसरत होतं. उन्हाळ्यात गावाला पिण्याचं पाणी तेवढंच. मग कुणीतरी म्हणालं, "तुमची पोरगी सायन्सला हाय ना? विचारा की तिला."

मला पहिल्यांदाच गावाने काही विचारलं होतं. सगळी मोठी माणसं माझ्याकडे बघत होती. मला माहीत नाही असं म्हणायला हवं होतं. मी बाबांना म्हटलं, धुण्याची पावडर टाका. तेलकट भांडं पावडरीने निघतं, मग हेही निघेल, असं मला वाटलं. मावशीचा ग्लास रोज डोळ्यांसमोर असून मला तो आठवला नाही. किंवा आठवला असेल, पण केस टाका म्हणायची लाज वाटली असेल. आता खात्रीने सांगता येत नाही.

मी हळूच बोलले होते. बाबांनी मात्र स्वतःलाच सुचल्यासारखं मोठ्याने सांगितलं, "पावडर आना रे." घराघरांतून पावडर आली. बाबांनी बांबूने पाणी ढवळलं. फेस झाला, काळं दिसेनासं झालं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तसं त्यांनी बारावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

सकाळी पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं आणि वास सुटला होता. जनावरं तोंड लावेनात. बायका घागरी घेऊन दोन शेतं ओलांडून पाणी आणायला लागल्या आणि आमच्या दारावरून जाताना बोलायला लागल्या. "हिरीत काय काय घातलं बाबानं, देव जाने." बाबा ओसरीत मान खाली घालून दोरी वळत बसले होते.

मी पहिल्या जीपने हिंगोली गाठली. मावशीला इतकंच सांगितलं, की विहिरीत ऑइल पडलं. पावडरीचं सांगितलं नाही.

ती भिंतीला धरून उठली. सगळी पोती, सगळे लोड बाहेर काढले आणि खाटेखालची लोखंडी पेटी दाखवून म्हणाली, "हेबी घे." पेटी कशाला ते मला कळलं नाही. गॅरेजवाल्याने दुरुस्तीला आलेला कुणाचा तरी टेम्पो काढला. "मालिक पूछा तो बोलना, ट्रायल को लेके गये," असं पोराला सांगून त्याने आम्हाला गावात आणून सोडलं.

मावशीने विहिरीत पाहिलं. बादलीभर पाणी काढायला लावलं, बोटाने ढवळलं, हुंगलं.

"साबन कुनी टाकला?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या आधी बाबा म्हणाले, "म्या टाकला, मावशी."

"काहून?"

"वाटलं, निघंल."

"तेल वर व्हतं तवर ते आपल्या हातात व्हतं," मावशी म्हणाली. "आता पान्यात शिरलं. त्याला माहा केस काय करंल?" मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

त्याच इंजिनावर दीड दिवस विहीर उपसली. ते पाणी ओढ्याला जाऊ द्यायचं नाही म्हणून मावशीने पडीक रानात खड्डा करायला लावला. पण विहिरीचे दगड तेलकट झाले होते. झऱ्याचं नवं पाणी साठलं की त्यावर पुन्हा तवंग दिसायचा. मग लोड सोडायचे, संध्याकाळी ओढायचे, दुसरे सोडायचे. हिंगोलीहून आणलेले केस तिसऱ्या दिवशी संपले.

मावशी गल्लीगल्लीतून फिरली. पूर्वी याच गल्ल्यांतून तिने हाळी दिलेली होती, बायका तिला ओळखत होत्या. पण केस कुणी देईना. शेवटी आमच्या शेजारची आत्या, जिच्यापुढे गावात कुणी बोलत नाही, ती म्हणाली, "मावशे, तूच म्हणली व्हतीस ना, केस फुकट द्यायचा नसतो? फुकट दिला की करनी होती म्हणली व्हतीस. माह्या उंबऱ्यावर बसून, माहाच चहा पिऊन."

सगळ्या बायका हसल्या. हे खरंच मावशीचंच वाक्य होतं. दुसऱ्या कुणी येऊन केस नेऊ नयेत म्हणून तिने ते गावोगाव पेरलं होतं आणि आता ते रीत होऊन बसलं होतं. मावशीही हसली. म्हणाली, "व्हय, म्या म्हणलं व्हतं. मंग फुकट कोन मागून राहिलं? पेटी उघड गं."

पेटीत तिच्या धंद्याची उरलेली भांडी होती. वाट्या, पेले, झाऱ्या, कागदात गुंडाळलेल्या. तिने पारावर मांडून ठेवली आणि कितीतरी वर्षांनी तिचा तो आवाज आमच्या गावात ऐकू आला, "केसावर भांडेऽऽ". बायका धावल्या. फटींतून, देवळ्यांतून केस निघाले. न्हाव्याने दुकान झाडून पोतं आणलं. मेंढरं घेऊन चाललेल्या धनगराने लोकरीचं गाठोडं दिलं आणि बराच वेळ निवड करून एक चहाची गाळणी घेतली. आत्याने तर कात्रीने स्वतःच्या वेणीचं वीतभर टोक कापून दिलं. वाटी घेताना मात्र तिने ती वाजवून बघितली.

"फुटकी न्हाई ना?"

"तुह्या केसापरीस पक्की हाय."

पेटी रिकामी झाली तरी बायका येत होत्या. मावशीने स्वतःच्या सामानाच्या पिशवीतून घरचं एकुलतं ताट आणि तांब्या काढून पुढे ठेवला.

ती नऊ दिवस आमच्याकडे राहिली. दहाव्या दिवशी सकाळी पाणी काढलं, उन्हात धरलं, हुंगलं. आधी स्वतः प्याली. मग पेला बाबांच्या हातात देऊन म्हणाली, "पिवा. समद्यांसमोर पिवा." बाबा सगळ्यांसमोर प्याले. त्यांचा कंठ वरखाली होताना मी बघत होते.

आम्ही हिंगोलीला परतलो तेव्हा मावशीच्या स्वयंपाकघरात तवा आणि एक पातेलं एवढंच उरलं होतं. भाकरी ती माझ्या डब्याच्या झाकणात घ्यायची. "बराबर बसती," म्हणायची.

पावडरीचं मात्र बाबांना चिकटलं ते चिकटलंच. विहीर साफ करायची असो, कुणाकडे जेवणावळ असो, कुणीतरी म्हणणारच, "पावडर आनू का, दाजी?" बाबा हसतात. एकदा घरी कुणी नसताना मी विषय काढला. ते म्हणाले, "जाऊ दे. तुला अजून कॉलेजात जायचं हाय. मला कुठं जायचं?"

मग मी ठरवलं, निदान मावशीला सांगायचं. पुढे वर्षभर मी तिच्याकडे राहिले. रोज संध्याकाळी ती पिशव्या चाचपायची आणि मी बाजूला बसायचे. "काय ते बोल की," ती म्हणायची. मी म्हणायचे, "लाइट कधी येईल?" असं कितीदा झालं.

या पावसाळ्यात तिला धाप लागायला लागली. भाचा येऊन तिला परभणीकडे घेऊन गेला. चार-सहा दिवसांत येते म्हणाली, पिशव्या काढू नका म्हणाली. मग एक दिवस कॉलेजातून आले तर गॅरेजवाला तिच्या दाराशी उभा होता. हात ऑइलचे होते म्हणून मनगटाने डोळे पुसत होता. "खाला गयी, बेटी," म्हणाला.

आता मी दुसऱ्या खोलीत राहते. भिंती नव्या आहेत, घरमालकीण खिळे ठोकू देत नाही. सकाळी फणीत आलेले केस मी बोटाला गुंडाळते आणि त्यांचं काय करावं हे न कळून तशीच उभी राहते. टाकवत नाहीत. गॅरेजच्या नालीत आता काही नसतं. त्या गल्लीवरून जाताना पाणी काळं दिसलं की वाटतं, ती आत झोपली असेल, उठवायला हवं.

दिवाळीत गावी गेले. विहिरीवर बायका होत्या, बाबा घागर भरून द्यायला उभे होते. एक नवी सून रांगोळीचा डबा धुवत होती. कुणीतरी लगेच म्हणालं, "डबा जपून गं, दाजी पावडर टाकतेन!" बाबा नेहमीसारखे हसले. त्यांचे केस किती पांढरे झालेत ते मला तेव्हा दिसलं.

मी म्हणाले, "पावडर मी टाकायला सांगितली होती."

आवाज फार बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणाले. "बाबांनी नाही. मी सांगितलं होतं, आणि मावशीने विचारलं तेव्हा मी गप्प बसले."

हसतील म्हणून मी अंग आवळून उभी होते. कुणी हसलं नाही. त्या नव्या सुनेच्या तोंडाला हसू येत होतं, तर आत्याने तिच्या दंडाला चिमटा काढला. बाबा रहाटाकडे तोंड करून दोर ओढत होते आणि घागर वर येऊनही ओढतच होते.

"माहीत हाय आमाला," आत्या म्हणाली. "मावशी तवाच, इथून जाताना सांगून गेली व्हती. म्हणली, पोरगी एक दिवस आपनहून सांगंल. तवर कुनी इचारू नका, पावडर दाजीच्याच नावावर ऱ्हाऊ द्या. अन् सांगंल तवा हसू नका."

मला एवढंच वाटत होतं, की आत्ताच्या आत्ता जीप धरावी, हिंगोलीला जावं आणि मावशीला सांगावं, की मी सांगितलं.